महाराजपूरचा काचेचा स्टँड

जबलपूरच्या सदर बाजारात डोसा खायला गेलो की आमची टेबलाची अदलाबदल ठरलेली असे. विभाताईला दाराकडे पाठ करून बसताच येत नसे. पाठीला भिंत मिळाली तर ती खाई, नाहीतर सारखी मागे वळून बघत राही. वेटर कंटाळून म्हणे, "दीदी, अब यहीं बैठ जाइए ना." माझा नवरा मोहन हा तिचा धाकटा भाऊ. तो हसून म्हणायचा, "ताईचं लहानपणापासून असंच आहे." ते खरं नव्हतं. लहानपणी ती अशी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

विभावरी माझी नणंद. तिने लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहते. माझे सासरे रामकृष्ण तरुणपणी आर्वीहून इथल्या तोफगाडीच्या कारखान्यात लागले, तेव्हा आर्वी आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यांची वाटणी झाली, आर्वी महाराष्ट्राकडे गेली आणि हे इकडेच राहिले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, अशी आमची तेव्हापासूनची रीत. विभाताईने सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि शहरातल्या बसगाड्या बघणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी मिळाली. कित्येक वर्षं तिने नाल्या, कंपाउंडच्या भिंती आणि बसथांब्यांचे पत्रे यांचीच कामं केली. मग महाराजपुरात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नवा बस टर्मिनस बांधायचं ठरलं आणि त्याचा नकाशा काढायचं काम तिच्याकडे आलं. टर्मिनस हे कागदावरचं नाव. लोक त्याला स्टँडच म्हणत.

ती हरखेल असं मला वाटलं होतं. उलट तिची झोपच उडाली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ती स्टीलचे पेले इकडून तिकडे सरकवत बसे. पेले म्हणजे खांब.

"हेमा, तू इथं बाकावर बसली आहेस असं समज," ती मला म्हणे. "या खांबामागे माणूस उभा राहिला, तर तुला दिसेल?"

"नाही दिसणार."

"मग खांब बारीक पाहिजे."

मग पेला जाई आणि त्या जागी पेन्सिल उभी राही. वाढायला जागा नसे, म्हणून सासूबाई चिडत. "आता भाजी कुठं ठेवू मी? तुझ्या स्टँडवर?" विभाताईचं लक्षच नसे. रविवारी ती मला घेऊन शहरातले जुने थांबे बघत हिंडे. कुठे जाहिरातीच्या पाट्यांनी थांबा तिन्ही बाजूंनी बंद केलेला, कुठे शौचालयाचं दार मागच्या बोळात, कुठे जिना चढून वळल्यावर एकदम अंधार. अशा ठिकाणी ती मला उभं करी आणि स्वतः रस्त्यावर जाऊन ओरडे, "दिसत नाहीस तू! हात वर कर!" येणारे-जाणारे बघत राहत. मला लाज वाटे, तिला मुळीच वाटत नसे.

तिचा स्टँड शेवटी झाला तो असा: मागे भिंत नाही, चारी बाजूंना वरपासून खालपर्यंत काच, शौचालयाची दारं समोर तिकीट खिडकीच्या नजरेत, एकही बोळ नाही, आणि कुठल्याही बाकावरून सगळा हॉल दिसेल अशी बैठक. चौकीदाराची चौकी तिने पुढच्या फाटकापाशी काढली. हिवाळ्यात उद्घाटन झालं. काचेतून कोवळं ऊन आत आलं होतं, पाहुणे खूश होते. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी भाषणात म्हटलं की इथे चोराला लपायला जागाच उरलेली नाही. विभाताई मागच्या रांगेत बसली होती. टाळ्या पडल्या तेव्हाही ती छताकडे बघत होती.

त्यानंतर रोज कचेरीतून परतताना ती स्टँडवर उतरू लागली. घरी यायला उशीर होई. विचारलं तर म्हणे, "बघून राहिली होती." काय, ते सांगत नसे. नथ्थू नावाचा पिकल्या मिशांचा चौकीदार तिला रोज खुर्ची देई, पण ती बसत नसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घाली.

मग उन्हाळा लागला. जबलपूरचं ऊन मी काही नव्याने सांगायला नको. काच तापली, हॉल भट्टीसारखा झाला. पुरुष बाहेर पानठेल्याच्या सावलीत जाऊन उभे राहू लागले आणि बायका उभ्या केलेल्या बसगाड्यांच्या मागे, जिथे सावलीची एक चिंचोळी पट्टी पडे तिथे. एकदा मी तिला म्हटलं, "ताई, आत पंखे आहेत, तरी बायका आत बसत नाहीत. आणि समोरच्या ठेल्यावरचे लोक काचेतून टकामका बघतात, ते वेगळंच."

"बघू दे ना," ती एकदम तडकली. "बघणारे आहेत म्हणूनच कोणी हात लावणार नाही. काहून समजत नाही तुम्हाला?"

ती इतकी का चिडली, ते मला कळलं नाही.

मे महिन्यातली गोष्ट. बेबी नावाची एक बाई रिछाईच्या नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला होती. माणसं आपल्याकडचीच, हिंगणघाटची. तान्ह्या मुलीला घेऊन ती पनागरला बहिणीकडे निघाली होती. दुपार उतरत होती, स्टँडवर गर्दी होती. मूल रडायला लागलं म्हणून ती उठली आणि बसगाड्यांच्या मागे, एक नादुरुस्त गाडी कित्येक दिवस पडून होती तिच्या आणि कुंपणाच्या मधे जाऊन पाजायला बसली. तिथे एकाने तिच्या गळ्यातली पोत ओढली. तिने सोडली नाही, तेव्हा त्याने तिला ढकललं. मुलीला वाचवायला ती हातावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. मुलीच्या कपाळाला खरचटलं. तो माणूस कुंपणावरून उडी मारून गेला. हॉलमधल्या पन्नास-साठ लोकांपैकी कोणाला काही दिसलं नाही, ऐकूही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात बातमी आली. कचेरीत धावपळ झाली आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात खालच्या माणसाचं नाव पुढे आलं. नथ्थू काय करत होता? त्याला काढून टाकायचं घाटत होतं.

विभाताई त्या संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "हेमा, चल. त्या बाईकडे जायचं आहे."

बेबीची खोली रिछाईच्या मागच्या वस्तीत होती. हाताला प्लास्टर, मांडीवर मूल. आम्ही मराठीत बोललो तशी ती जरा सैलावली, सांडशीने पातेलं धरून तिने एका हाताने आमच्यासाठी चहा गाळला. विभाताईला चहा सुचत नव्हता.

"तू तिकडं काहून गेलीस?" तिने विचारलं. आवाज दटावल्यासारखा आला. "आत बाक होते, पंखे होते. तिथं कोणाची हिंमत झाली नसती."

बेबीने मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं. "आतमंदी कुठं पाजू मॅडम? चारी बाजूनं लोकं पाहून राहिले असतात. ठेल्यावरचे त बसून राहतात पाहत. मी काय दुकानातली बाहुली हाओ?"

"पदर घ्यायचा."

"पदर घेतला का पोरगी लाथा मारते, उकडते तिले. तुमाले लेकरू हाय का?"

मीच विषय बदलला. निघताना बेबी म्हणाली, "त्या चौकीदाराले काढू नका जी. त्यानंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं मले." मग दारापर्यंत येऊन तिने विचारलं, "तो स्टँड कोणं बांधला, मॅडम?"

"मीच," विभाताई म्हणाली.

"अच्छा," एवढंच बेबी म्हणाली.

घरी आल्यावर मी पोळ्या लाटायला घेतल्या, तशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आणि शेगडीकडे बघत, मी काही विचारलेलं नसताना, बोलायला लागली.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असताना ती एका मैत्रिणीच्या गावी गेली होती. परतताना तालुक्याच्या स्टँडवर शौचालयाकडे गेली. दार मागच्या बोळात होतं, बोळ पुढे बंद. बाहेर आली तर बोळाच्या तोंडाशी एक माणूस उभा. तो काही बोलला नाही. हळूहळू आत येत राहिला आणि ती मागे सरत भिंतीला टेकली. तिच्या मागे भिंत, समोर तो. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, गळ्यावर ठेवला. किती वेळ गेला तिला माहीत नाही. मग कोणी बाई बादली घेऊन नळावर आली आणि तो माणूस काही झालंच नाही असा निघून गेला. हिने पुढची गाडी पकडली, घरी आली, जेवली. कोणाला सांगितलं नाही. बाबांना कळलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं, ही भीती.

"पलीकडे माणसं होती, हेमा. चहा पिऊन राहिली होती. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं." ती उंबऱ्यावरची रांगोळी नखाने खरवडत होती. "हा नकाशा आला तेव्हा मी ठरवलं, भिंतच ठेवायची नाही. सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे. त्या बाईचा विचारच नाही केला. मला वाटलं, सगळ्या माझ्यासारख्याच असतील."

माझी पोळी करपली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण न सांगता कोणी पाठीला हात लावलेला तिला चालत नाही, हे आता कुठे मला समजत होतं. मी तिचा हात धरला.

चौकशीच्या दिवशी तिने साहेबांसमोर सांगून टाकलं, "नथ्थूला चौकीतून मागचं दिसतच नाही. चौकी तिथं मी काढली आहे. त्याचा दोष नाही." नथ्थू राहिला. तिची बढती तेवढी मागे पडली आणि कचेरीतले लोक तिला काही दिवस 'शीशमहलवाली' म्हणत.

साहेबांनी तोडगा काढला होता. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात बंद खोली बांधायची, दार आणि कडी असलेली, वर पाटी लावायची की झालं. विभाताईने त्याला कडाडून विरोध केला. मागच्या कोपऱ्यात, कडीच्या दाराआड कोण बाई जाईल? आणि गेली तर आत आधीच कोण उभं आहे हे तिला कसं कळेल?

"मॅडम, आप ही ने काँच मांगा था," साहेब म्हणाले. "अब दीवार भी नहीं चाहिए, काँच भी नहीं. चाहिए क्या?"

घरी येऊन ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी म्हणाली, "मला माहीतच नाही हेमा, काय पाहिजे ते. विचारावं लागेल."

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मीही तिच्याबरोबर स्टँडवर जाऊ लागले. बायकांना विचारणं सोपं नव्हतं. आधी त्यांना वाटे आम्ही कसला तरी सर्व्हे करतोय. मग बोलायला लागल्या, तर प्रत्येकीचं वेगळं. कॉलेजच्या मुली म्हणाल्या, "हमें अलग नहीं बैठना, आंटी." महाराजपुरातल्याच सत्यभामाबाई रोज नातीला घेऊन येत. त्या म्हणाल्या, "गळ्याएवढी भिंत पाहिजे, पण दार नको. दार लागलं की जीव घाबरतो." भाजीवाली एक बाई म्हणाली, आडोसा दिलात तरी मी बसणार नाही, बस आलेली दिसली नाही तर निघून जाईल. हे तर विभाताईच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिने जे केलं त्याने मोहनसुद्धा चक्रावला. तिने सासूबाईंच्या कपाटातल्या जुन्या नऊवारी साड्या काढल्या, नथ्थूकडून बांबू मागवले आणि तिकीट खिडकीच्या शेजारी, हॉलच्या अगदी पुढच्या भागात, आडोसे बांधले. एक बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढा, एक कमरेएवढा, एक डोक्यावरून जाणारा. खाली सगळीकडे वीतभर मोकळं, म्हणजे आतल्याचे पाय दिसावेत. मी आत बसायची, ती रस्ता ओलांडून पानठेल्यापाशी जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, "बस! आता उभी राहा! आता मूल घेतल्यासारखं कर!" मी पर्स छातीशी धरून बसायची. ठेलेवाला हसत होता. मग त्यालाच तिने विचारलं, "भैया, इनका चेहरा दिखता है?" तो म्हणाला, "सिर दिखता है, दीदी. और कुछ नहीं."

"चिल्लाएगी तो सुनोगे?"

त्याने हसणं थांबवलं. "सुनूँगा," म्हणाला.

डोक्यावरून जाणाऱ्या आडोशात कोणी बसलं नाही. कमरेएवढ्यात मुली बसल्या. खांद्याएवढ्यात दुसऱ्याच दिवशी जागा मिळेना. पाजणाऱ्या बायका थोड्याच होत्या, बाकीच्या डबा खायला, केस विंचरायला, पाय पसरायला येत. एक म्हातारी तर चक्क घोरत होती. साड्यांनी ऊनही अडत होतं. बस लागली की तिकीट खिडकीतली शकु उठून आडोशावरून वाकून सांगे, "पनागरवाली लग गई!"

कुणीतरी तक्रार केली की नव्या स्टँडवर धुणं वाळत घातलंय. साहेब स्वतः बघायला आले. भर दुपारी, घामाघूम. त्यांनी साड्यांकडे पाहिलं, आत बसलेल्या बायकांकडे पाहिलं, मग बसगाड्यांच्या मागे जाऊन आले. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी कपाळ पुसलं. "ये पक्का कैसे होगा?" त्यांनी विचारलं. विभाताईने त्यांना धन्यवादसुद्धा दिले नाहीत, लगेच कागदच पुढे केला.

पक्कं काम पावसाळ्यानंतर झालं. विटांची जाळीदार भिंत, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढी, दार नाही, दोन बाजूंनी वाट. काचेला खालून अर्ध्यापर्यंत पांढरा रंग. नादुरुस्त गाडी ओढून नेली आणि मागच्या बाजूला तोंड करून चहाचं दुकान दिलं, म्हणजे तिथे सतत माणूस राहील. चौकी मधे आली. चोर मात्र सापडला नाही. बेबीची पोतही मिळाली नाही, ओढताना हातात राहिलेले चार मणी तेवढे तिच्याकडे होते. ती पुढे एकदा दिसली. मुलगी तोवर चालायला लागली होती, आडोशाची तिला गरजच उरली नव्हती. तिने भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बरं केलं मॅडम. जरा उशीर केला." विभाताईने मान हलवली. त्या मुलीच्या कपाळावरची खूण ती बघत होती.

साड्यांचा हिशेब सासूबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत मागितला. त्या कशाला लागल्या, हे सांगता सांगता विभाताईने आईला बोळाचंही सांगितलं. मी तिथेच होते. सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांचे हात चालूच राहिले. निवडता निवडताच म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतंस, तर यांच्या आधी मीच तुझं कॉलेज बंद केलं असतं. नाही सांगितलंस ते बरं केलंस." मेथीची जुडी तशीच सोडून त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी विभाताईच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. पन्नाशीकडे झुकलेली माझी नणंद, जिला मागून कोणी आलेलं खपत नाही, ती आईकडे पाठ करून पाटावर बसून राहिली. मोहनला आम्ही ते कधी सांगितलं नाही.

ती शांत झाली असं मात्र मी म्हणणार नाही. परवा रविवारी मी म्हटलं, "ताई, चल, आज मस्त पडून राहू." ती म्हणाली, "अधारतालकडे रुळांखालून रस्ता गेलाय, तू पाहिलास का कधी? मधे वळण आहे. पलीकडचं तोंड दिसतच नाही." बोलता बोलता तिने पायात चप्पल सरकवलीही होती. मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि तिच्यामागे निघाले.